याप्याचा खांब : एच.आय.व्ही.ची नवी औषधे आणि आपण वैद्य

मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास वर्षातून दोन-चार वेळा तरी एक प्रश्न ऐकावा लागतो. रुग्ण बाकीचे लोक निघून जाईपर्यंत बाकावर थांबून राहतो, मग दार लोटून घेतो आणि हळू आवाजात विचारतो, ''डॉक्टर, आपल्यात यावर काही नाही का?'' 'यावर' म्हणजे कशावर, हे तो सांगत नाही. आम्हीही विचारीत नाही. खिशातील घडी केलेला कागद पुढे येतो आणि सर्व उलगडते.

या प्रश्नास आपण वैद्य मंडळी जे उत्तर देतो, त्यावर अनेकदा एका माणसाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात एच.आय.व्ही.वरील नव्या विषाणुरोधक औषधांचा प्रवास, त्यात वनस्पतींचे स्थान आणि आपल्या व्यवसायाचे कर्तव्य यांविषयी काही विचार व्यवसायबंधूंपुढे आणि औषधी निर्मात्यांपुढे ठेवीत आहोत. काहींस ते कटू वाटतील. परंतु ही पत्रिका आपली आपसांतली आहे. येथे मोकळेपणाने बोलायचे नाही, तर कोठे बोलायचे?

असाध्याकडून याप्याकडे

साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे व्याधींचे प्रकार आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षी पाठ केले. त्यांतील याप्य हा प्रकार परीक्षेपुरता लक्षात राहतो आणि व्यवहारात विसरला जातो. औषध चालू असेपर्यंत जो व्याधी आटोक्यात राहतो आणि औषध थांबताच उसळतो, तो याप्य. सुश्रुताचार्यांनी त्यासाठी घराचा दृष्टांत योजिला आहे. पडू पाहणाऱ्या घरास नेमक्या जागी टेकू दिला, तर घर उभे राहते आणि आत माणसे नांदतात. टेकू काढला की घर बसते.

एच.आय.व्ही.बाधेचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा असाध्याकडून याप्याकडे झालेला प्रवास आहे. १९८७ साली झिडोव्हुडिन अथवा ए.झेड.टी. हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. तो रेणू मुळात १९६४ साली कर्करोगासाठी बनविला गेला होता आणि तेथे निरुपयोगी ठरून बाजूस पडला होता. एकट्या ए.झेड.टी.ने रुग्ण काही महिने सावरत. पुढे विषाणू रूप बदलून औषधास दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास वेगवेगळ्या ठिकाणी आघात करणारी तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. एकेक द्रव्य अपुरे पडते तेथे योग्य संयोग काम करतो, हे तत्त्व आपणांस नवे नाही.

मात्र तो टेकू गरिबाच्या घरास परवडणारा नव्हता. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. येथे महाराष्ट्राचा आणि भारताचा वाटा अभिमानाने सांगावा असा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या संस्थेत ए.झेड.टी. स्वस्तात बनविण्याची पद्धत सिद्ध केली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते औषध १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आणले. २००१ च्या फेब्रुवारीत याच कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा संयोग वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला आणि जगाचे डोळे उघडले. १ एप्रिल २००४ पासून शासनाने निवडक रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ मध्ये बाधा आढळताच, सीडी-४ पेशींची संख्या न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. २०२० नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची दिवसाला एकच गोळी हा मुख्य उपचार झाला. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील ए.आर.टी. केंद्रातून ती गोळी रुग्णास विनामूल्य मिळते.

या गोळीचा आणखी एक गुण आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसतो. २०११ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा हा अभ्यास होता आणि भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होती. जोडप्यातील बाधित व्यक्तीस लवकर औषध सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. पुढील अभ्यासांनी हेही सिद्ध केले की, औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. म्हणजे हा खांब एकट्याचे घर तोलीत नाही. त्यावर शेजारच्या खोलीचेही छप्पर टेकलेले आहे.

एक चूक, जी आमची आहे

आमचा जावळी तालुका डोंगराचा. भात, नाचणी आणि चार जनावरे यांवर घर चालत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या येथील पुरुष मुंबई गाठतात. पूर्वी गिरण्या आणि गोद्या होत्या. पुढे मशीद बंदर आणि वाशीच्या बाजारातील माथाडी काम आले. गावकीच्या एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत, आणि शिमग्याला, गणपतीला व जत्रेला गावी येत. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणे हा त्यांचा गुन्हा नव्हे. ती पोटाची सक्ती होती. त्या सक्तीबरोबर हा आजारही गाडीने घाट चढला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विशेष लक्ष देण्याच्या जिल्ह्यांत गणले गेले. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने आणि पुढे वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी स्वतः संघटित होऊन प्रतिबंधाचे जे काम केले, त्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. आपण वैद्यांनी त्या काळात काय केले, हे आता सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पस्तिशीतला एक गृहस्थ आमच्याकडे आला. बाजारात पोती वाहणारा, अंगापिंडाने मुळात दणकट. बाधा झाल्याचे त्याने स्वतः सांगितले. दोन वर्षे सरकारी गोळ्या घेऊन त्याचे वजन वाढले होते, ताप थांबला होता. त्याने 'ताकदीचे औषध' मागितले. आम्ही नाडी पाहिली, अग्नी पाहिला, कोष्ठ विचारला आणि गुडूची, आमलकी, गोक्षुर यांचे रसायन चूर्ण व अश्वगंधेचा कल्प दिला. भूक सुधारली, झोप लागू लागली. तो दर महिन्यास येई आणि आम्हांस बरे वाटे. खरे सांगावयाचे तर थोडा अभिमानही वाटे.

एक गोष्ट आम्ही विचारली नाही. त्याच्या सरकारी गोळ्या चालू आहेत का? त्या बंद होत्या. शेजारच्या जिल्ह्यातील एकाने 'सहा महिन्यांत विषाणू मुळासकट जातो' असे सांगून त्यास बिनलेबलाच्या बाटल्या विकल्या होत्या. अट एकच : 'इंग्रजी गोळ्या थांबवा, नाहीतर गुण येणार नाही.' त्यासाठी त्याने बैलजोडी विकली होती. आमचे रसायन त्या बाटल्यांच्या जोडीला चालले होते. आठव्या महिन्यात खोकला आणि सायंकाळचा ताप सुरू झाला. मग मानेचा ताठरपणा आला. क्षयाने मेंदूचे आवरण गाठले होते. जिल्हा रुग्णालयात नेले, परंतु उशीर झाला होता.

त्याच्या पत्नीची तपासणी त्यानंतर झाली. तिलाही बाधा होती. ती बाधा त्या आठ महिन्यांतील की आधीची, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आज ती नियमित गोळी घेते, स्वयंपाकाची कामे करते, आणि तिच्या रक्तात विषाणू सापडत नाही. पहिल्या वर्षश्राद्धानंतर ती दवाखान्यात आली, तेव्हा तिने एवढेच म्हटले, ''डॉक्टर, तुमी इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तुमच्याजवळ ते खोटं बोलत नव्हते.''

बाटल्या विकणारा दोषी होताच. परंतु त्या घराचा खांब निघालेला असताना आम्ही भिंतीस रंग देत बसलो होतो, ही आमची चूक आहे. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

विषाणू जातो कोठे?

'गोळ्या घेऊनही आजार मुळापासून का जात नाही? मग आधुनिक शास्त्र तरी काय मोठे?' हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि काही वैद्यही विचारतात. उत्तर समजून घेतले पाहिजे, कारण बनावट औषधांचा सारा धंदा या एका अज्ञानावर चालतो.

हा विषाणू सीडी-४ पेशीत शिरतो, आपल्या आनुवंशिक द्रव्याची उलटी प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात सांधतो. अशा काही पेशी पुढे वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. त्यांत विषाणू निर्माण होत नाही, म्हणून औषधास आघात करण्यास काही सापडत नाही. औषधे चालू असताना नवे विषाणू तयार होत नाहीत आणि रक्त स्वच्छ दिसते. औषधे थांबविताच निद्रिस्त पेशींतील काही जाग्या होतात आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा रक्तात उसळतो. आपल्या भाषेत बोलायचे तर दोष धातूंत लीन होऊन बसतो. हे साम्य समजुतीपुरते आहे, पुरावा म्हणून नव्हे.

यामुळे रुग्णास गोळ्या थांबविल्यावर पहिले काही आठवडे काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. उलट मळमळ थांबते, अन्न गोड लागते. त्याच काळात दिलेल्या कोणत्याही चूर्णास यशाचे श्रेय मिळते. पुढे विषाणू शांतपणे वाढतो आणि आजार दिसू लागेपर्यंत महिने जातात, क्वचित वर्षेही. 'माझ्याकडे आल्यावर बरा होता', असे सांगणारा प्रत्येक वेळी खोटे बोलत असतोच असे नाही. त्याने मोजलेले नसते, एवढेच.

वनस्पतींनी चाललेली वाट

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वनस्पतींतून एच.आय.व्ही.वर औषध निघेल का? हा प्रश्न हास्यास्पद नाही. जगातील मोठ्या प्रयोगशाळांनी तो गांभीर्याने विचारला आहे, आणि ज्या झाडांकडे त्या वळल्या, त्यांची भावंडे आपल्या उंबऱ्याशी उभी आहेत.

घाट उतरून कोकणात गेले की किनाऱ्यालगत उंडी दिसते. हाच आपला पुन्नाग. तिचे तेल संधिवातास चोळतात आणि पूर्वी दिव्यातही जाळीत. या वृक्षातून काढलेली इनोफायलम नावाची द्रव्ये विषाणूच्या उलटी प्रत बनविणाऱ्या विकरास रोखतात, असे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी प्रयोगशाळेत आढळले. उंडीच्याच गोत्रातील एका वृक्षाचे नमुने १९८७ साली मलेशियाच्या सारवाक प्रांतातून अमेरिकेस गेले होते. त्यातून कॅलॅनोलाइड हा रेणू मिळाला. संशोधक अधिक माल आणण्यास परत गेले, तेव्हा मूळ झाड तोडले गेले होते. त्याच जातीच्या जवळपासच्या दुसऱ्या झाडांत ते द्रव्य जवळजवळ नव्हतेच! शेवटी तो रेणू प्रयोगशाळेत बनवावा लागला. माणसांवरील प्राथमिक चाचण्याही झाल्या, पण औषध बाजारात आले नाही.

फार्मसीधारक बंधूंनी या कथेवर क्षणभर थांबावे. द्रव्य कोणत्या भूमीतून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या अवस्थेत घ्यावे, हे चरकाचार्यांनी कल्पस्थानात सविस्तर सांगितले आहे. कॅलॅनोलाइडने तेच आधुनिक भाषेत पुन्हा सांगितले. असे असता बाजारातून आलेल्या पोत्यावर जे नाव लिहिले असेल, त्यावर विश्वास ठेवून आपण चूर्ण भरतो. एकाच नावाच्या दोन खेपा सारख्या आहेत की नाहीत, हे तपासण्याची सोय आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

दुसरे उदाहरण जांभळाच्या कुळातले. मेढ्याहून महाबळेश्वराकडे चढू लागले की जांभळाचे रान लागते. त्याच्या एका दूरच्या भाऊबंदात, तैवानमधील वृक्षात, बेट्युलिनिक आम्ल हे एच.आय.व्ही.विरोधी द्रव्य १९९४ साली नोंदले गेले. तेच आम्ल आपल्या जांभळाच्या सालीतही आढळते. त्यात रासायनिक सुधारणा करून बेव्हिरिमॅट हे औषध तयार झाले. विषाणूचे कवच पक्व होण्याची शेवटची पायरी ते अडवीत असे, आणि त्यापूर्वीच्या कोणत्याही औषधाची रीत तशी नव्हती. रुग्णांवरील चाचण्यांत काहींस उत्तम गुण आला, पण पुष्कळांस आलाच नाही. त्यांच्या विषाणूत त्या ठिकाणी जन्मतःच थोडा फरक होता. २०१० मध्ये कंपनीने काम थांबविले. त्या कुळातील सुधारित रेणूंवर संशोधन त्यानंतरही चालू राहिले.

या दोन उदाहरणांचा विपर्यास होऊ नये. उंडीचे तेल अथवा जांभळाच्या सालीचा काढा एच.आय.व्ही.वर चालतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. झाडात असलेले द्रव्य, ते पोटातून रक्तात पुरेसे पोहोचणे, आणि पोहोचून माणसास अपाय न करता विषाणूस रोखणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

तिसरी कथा आपल्या पुण्याची. प्राध्यापक जी. पी. तलवार यांच्या पुढाकाराने 'प्रनीम' नावाची योनिमार्गात ठेवण्याची गोळी विकसित झाली. तिच्यात निंब होता, रिठ्याचा फेनक होता आणि पुदिन्याच्या जातीचे तेल होते. नवऱ्यास निरोध वापरण्यास भाग पाडणे ज्या स्त्रीच्या हाती नाही, तिच्या स्वतःच्या हाती काही संरक्षण असावे, हा त्यामागील हेतू. आमच्या तालुक्यातील कित्येक घरांकडे पाहता या हेतूचे मोल आम्हांस अधिक कळते. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने बाधा नसलेल्या स्त्रियांवर या गोळीची सुरक्षितता पारखली आणि २००५-०६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आधी सुरक्षितता का? कारण एक कडू अनुभव ताजा होता. नॉनॉक्सिनॉल-९ हे फेनकासारखे द्रव्य परीक्षानळीत विषाणू ठार करी. म्हणून स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, आणि २००० साली कळले की वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत लागण उलट वाढली. ते द्रव्य योनीच्या नाजूक त्वचेस इजा करीत होते आणि विषाणूस वाट मोकळी होत होती. परीक्षानळीतले यश रुग्णाच्या अंगी अपाय होऊन उतरले. 'आमच्या अर्काने प्रयोगशाळेत विषाणू मेला', असे पत्रक ज्यांच्या टेबलावर येते, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

प्रनीम एच.आय.व्ही.प्रतिबंधक म्हणून बाजारात आले नाही. तरीही आम्ही असे म्हणतो की, या व्याधीच्या संदर्भात भारतीय वनौषधींच्या नावावर जमा असलेले हे सर्वांत प्रतिष्ठेचे पान आहे. निंब आणि रिठा ही आपली घरची द्रव्ये, आणि त्यांनी उजेडात येऊन परीक्षा दिली. घटक जाहीर, पद्धत जाहीर, निष्कर्ष जाहीर. ज्या हजारो बाटल्यांनी कधी परीक्षाच दिली नाही, त्यांना अनुत्तीर्ण होण्याचाही मान मिळत नाही.

'हे सारे कंपन्यांचे कारस्थान'

आपल्या संमेलनांत या विषयावर बोलताना एक आक्षेप हमखास येतो. 'आपल्या औषधांना मोठ्या कंपन्या पुढे येऊ देत नाहीत. आपल्या शास्त्रास अडीच हजार वर्षांचा अनुभव आहे. आपणांस चाचण्यांची गरज काय?'

कंपन्या नफा पाहतात, हे खरे आहे. आरंभीचे दहा-पंधरा हजार डॉलर आठवले की कोणासही त्यांच्या वकिलीची इच्छा होणार नाही. परंतु तो दर पाडला तो कारस्थानाची ओरड करणाऱ्यांनी नव्हे. तेच औषध, त्याच गुणवत्तेचे, स्वस्तात बनवून दाखविणाऱ्यांनी तो पाडला. लोकज्ञानास वाटा मिळत नाही, हेही पूर्णतः खरे नाही. सामोआ बेटावरील स्त्री-वैद्या काविळीसारख्या विकारावर ममाला नावाच्या झाडाची साल देत. त्यातून प्रोस्ट्रॅटिन मिळाले. निद्रिस्त पेशींतील विषाणूस जागे करण्याचा त्याचा गुण आहे, म्हणून मुळापासून उपचाराच्या संशोधनात त्यास महत्त्व आले. २००१ मध्ये संशोधन संस्थेने सामोआच्या शासनाशी करार करून संभाव्य नफ्यातील २० टक्के वाटा मान्य केला. त्या वैद्यांनी आपले झाड दाखविले आणि आपला अनुभव सांगितला. एड्स बरा करण्याचा दावा केला नाही. म्हणूनच त्यांचा शब्द जगाने ऐकला.

अनुभवाच्या युक्तिवादाबद्दल इतकेच म्हणू की, आपल्या संहितांनी अनुभवाबरोबर परीक्षाही शिकविली. प्रत्येक रोगास नाव देता आले नाही तर वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्य सांगतात. तेच आचार्य असाध्य व्याधी हाती घेऊन बरा करण्याची हमी देणाऱ्याची विद्या, कीर्ती आणि अर्थ यांची हानी होते, असाही इशारा देतात. एड्सला 'ओजक्षय' अथवा 'राजयक्ष्म्याचा भेद' म्हटल्याने चिकित्सेची दिशा सुचू शकते. विषाणू नाहीसा झाला, हे त्याने सिद्ध होत नाही. ते रक्ततपासणीने सिद्ध होते, आणि ती कोणत्याही पॅथीची नसते.

देशपातळीवर हे भान सुटले तर काय होते, ते दक्षिण आफ्रिकेने पाहिले. या शतकाच्या प्रारंभी तेथील शासनाने विषाणुरोधक औषधांविषयी शंका पसरविली आणि आरोग्यमंत्र्यांनी लसूण, बीट व लिंबू यांचा पुरस्कार केला. त्या विलंबाने तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. लसणीचा यात दोष नाही. आपल्याकडे ती रसोन आहे, रसायन आहे. परंतु तिच्या आड खांब काढला गेला.

भस्मे, पिंपळी आणि ती एक गोळी

आता व्यवहाराकडे. बाधित रुग्ण आपल्याकडे येतात, येत राहतील, आणि त्यांना आपला उपयोगही आहे. अग्निमांद्य, निद्रानाश, त्वचाविकार, ग्रहणी, वाढत्या वयाबरोबर येणारे सांध्यांचे दुखणे यांत आपण निश्चित काही करू शकतो. मात्र आपली द्रव्ये त्या गोळीशी कशी वागतात, हे माहीत असले पाहिजे.

डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध पोटात लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि जस्त यांस चिकटते आणि मग रक्तात पुरेसे शोषले जात नाही. यासाठी आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधांच्या दोन तास आधी अथवा सहा तासांनंतर ते घ्यावे, असा नियम आहे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांसही तोच नियम लागू आहे. त्या बरोबरच घ्यावयाच्या असल्यास जेवणासोबत घ्याव्यात. आता आपला कपाट-फळा डोळ्यांपुढे आणा. मंडूर, लोहभस्म, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर ही लोहाची. शंख, कपर्दिक, प्रवाळ, मौक्तिक ही कॅल्शियमची. यशद जस्ताचे. प्रत्येक भस्माचा प्रत्यक्ष अभ्यास होईपर्यंत तेच अंतर पाळणे हा एकमेव सुरक्षित मार्ग आहे. 'सकाळी सगळे एकदमच घ्या', हे आपले नेहमीचे वाक्य या रुग्णास घातक ठरू शकते.

टेनोफोव्हिर काही रुग्णांत वृक्कांस त्रास देते, म्हणून त्यांची क्रिएटिनिन तपासणी होत असते. अशा रुग्णास मात्रेची व शोधनाची खात्री नसलेला रसकल्प देणे अथवा सापसंदासारखी वृक्कास अपायकारक ठरलेली वनस्पती देणे सर्वथा टाळावे. लसणीच्या गोळ्यांनी साक्विनाव्हिर या जुन्या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर आले, असे २००२ च्या अभ्यासात दिसले. उलट पिंपळी-मिऱ्यातील पायपरीनमुळे नेव्हिरापिनचे प्रमाण वाढले, असे २००७ च्या अभ्यासात आढळले. एक द्रव्य खांब पोखरते, दुसरे त्याचा भार बदलते. दोन्ही जाणून घेणे वैद्याचे काम.

पायपरीनच्या या गुणातूनच आपल्या त्रिकटूस आधुनिक औषधशास्त्रात स्थान मिळाले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७९ च्या सुमारास त्रिकटूच्या योगवाही गुणाचा शोध सुरू झाला. त्यातून क्षयावरील रिफाम्पिसिनची मात्रा कमी करणारे, पायपरीनयुक्त औषध २००९ मध्ये भारतात आले. दावा मोजका होता आणि तो मोजला गेला होता. म्हणून तो टिकला.

आपण काय करावे

नवी औषधे येतच आहेत. विषाणूच्या कवचावर आघात करणारे लेनाकापाव्हिर सहा महिन्यांतून एकदा टोचले जाते. २०२२ मध्ये ते, अन्य औषधांस दाद न देणाऱ्या बाधेसाठी, अमेरिकेत मान्य झाले. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडा येथे प्रतिबंधासाठी ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीसही लागण झाली नाही. जे संरक्षण स्त्रीच्या हाती देण्याचे स्वप्न प्रनीमने पाहिले होते, ते दुसऱ्या वाटेने साकार होत आहे. त्याच वर्षी ते बनविण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या दोन कंपन्यांमार्फत २०२७ पासून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. अशा काळात आपण वैद्यांनी बाजूस उभे राहून 'आमच्याकडे आधीच आहे' असे म्हणत राहावे, की कामात उतरावे?

आमच्या सूचना साध्या आहेत. जुनाट व्याधीच्या प्रत्येक रुग्णास 'दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कोणत्या बंद केल्या' हा प्रश्न नाडीपूर्वी विचारावा. ए.आर.टी. कोणत्याही कारणाने थांबवू नये. रुग्णाने थांबविली असल्यास त्याच आठवड्यात केंद्रात पाठवावे. रुग्णाची माहिती गुप्त राखावी. २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने ते बंधनकारकही आहे. औषधांच्या नियमावलीतील अनुसूची 'जे'मध्ये एड्सचे नाव आहे, हे स्मरून कोणत्याही बाटलीवर, पत्रकावर वा तोंडी 'बरा करतो' असा इशाराही करू नये. अपाय दिसल्यास आयुष औषधांच्या दक्षता केंद्रास कळवावे, मग ते औषध आपल्याच फार्मसीचे का असेना.

आणि संशोधन? तेही आपल्या आवाक्यातले आहे. आपल्या संघटनेने जिल्हा केंद्राच्या व एखाद्या महाविद्यालयाच्या सहकार्याने, नीतिसमितीच्या मान्यतेने आणि शासकीय चाचणी-नोंदवहीत नोंद करून एक छोटा अभ्यास हाती घ्यावा. ए.आर.टी. चालू ठेवून एक ज्ञात कल्प द्यावा. वजन, भूक, झोप, क्रिएटिनिन आणि विषाणूभार सहा महिने मोजावेत. निष्कर्ष अनुकूल आला तर छापावा. प्रतिकूल आला तर अवश्य छापावा. फार्मसीधारकांनी त्यासाठी एकाच खेपेचे, तपासलेले द्रव्य पुरवावे. एवढे झाले तरी आपण प्रनीमच्या वाटेवर पाऊल टाकले, असे आम्ही समजू.

ती बाई आजही महिन्याकाठी येते. गुडघे दुखतात म्हणून तेल नेते. आम्ही आधी विचारतो, ''गोळी चालू आहे ना?'' ती हसून सांगते, ''रोज रातच्याला, जेवण झालं की.'' मगच आम्ही कागद पुढे ओढतो.